पहिल्या फाट्याची हवा

२ मार्च १९८२, मंगळवार

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. मराठीत लिहिते, कारण वडील, आमचे नाना, म्हणतात माझं मराठी निम्मं हिंदी झालंय, आणि ते खरंच आहे. शिवाय वही पत्र्याचं काम करणाऱ्या खुमान मिस्त्रींच्या दुकानात राहिली तरी तिथं कुणाला कळायची नाही.

काम मिळालं. भाऊसाहेबांच्या ट्रस्टचं बायकांचं हॉस्पिटल आहे, तिथं थंड हवा खेळवायची. गच्चीवर मोठा पंखा, त्याच्या तिन्ही बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या टट्ट्या, आणि तिथून खाली पत्र्याचा चौकोनी डक्ट, वॉर्डाच्या छताखालून शेवटपर्यंत. डक्टला चार फाटे, चार तोंडं. मे महिन्याच्या आत व्हायला हवं. मागच्या उन्हाळ्यात तिथं दोन बायका गर्मीनं दगावल्या म्हणतात.

नाना पस्तीस वर्षं कारखान्यात पत्र्याच्या कामाचे फोरमन होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना मागच्या दिवाळीत एकदम नोकरी सोडली. साहेबाशी भांडण झालं असणार, बोलत नाहीत. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, वर्गात एकटी मुलगी होते, आणि गेली दोन वर्षं इथं झाशीत, प्रेम नगरात, मुलांच्या शिकवण्या घेते. नाना म्हणाले, "नकाशे तू काढायचेस. सगळे. मी फक्त सांगणार."

मला वाटलं होतं खूश होऊन सांगतील. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हल्ली बोलताना ते माझ्या कानाकडे कुठेतरी बघतात. काहीतरी राग आहे.

५ मार्च

हॉस्पिटलात मापं घेतली. जिन्याला लागून पहिली बाळंतिणींची खोली, आठ खाटा. तिच्या पुढं लांबलचक वॉर्ड, चोवीस खाटा, त्याला दोन तोंडं द्यायची. आणि शेवटी ऑफिस, जिथं भाऊसाहेब सेक्रेटरी म्हणून बसतात. फितीचं टोक नाना धरत होते आणि आकडा मी वाचत होते. प्रत्येक आकडा दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. वॉर्डातल्या बायका हसत होत्या. शाळेतल्या पोरीसारखं वाटलं मला.

मेट्रन विमलाबाई बरोबर फिरत होत्या. ग्वाल्हेरच्या आहेत, स्वच्छ मराठी बोलतात. म्हणाल्या, "बाकी काही होवो, ह्या पहिल्या खोलीला हवा मिळू दे. खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी भट्टी होते."

नाना म्हणाले, "पंख्याच्या सगळ्यात जवळ हीच खोली. हिला सगळ्यात जास्त मिळेल." मीही तेच म्हणाले असते.

११ मार्च

काल होळी होती, तोंडाचा हिरवा रंग अजून गेलेला नाही. त्याच तोंडानं दिवसभर हिशेब केला.

नानांना विद्यार्थी मिळाला की ते वेगळेच होतात. म्हणाले, "हवा दिसत नाही म्हणून ती पाण्यासारखी समज. नाल्याला फाटा काढलास की पुढं पाणी कमी. मग पुढचा नाला तेवढाच रुंद कशाला ठेवायचा? प्रत्येक फाट्यानंतर डक्ट लहान करत जायचा, म्हणजे वेग फार पडत नाही आणि दाब सगळीकडे सारखा राहतो." आणि दाब म्हणजे तरी किती! पाण्याची नळी लावून मोजला तर इंचाचा पाचवा भाग. आईच्या फुंकणीत जास्त असेल.

खोलीला मिनिटाला एकोणीसशे घनफूट, वॉर्डाच्या दोन तोंडांना पंधरा-पंधराशे, ऑफिसला सहाशे. डक्ट छत्तीस बाय वीस इंचांपासून सुरू, पहिल्या फाट्यानंतर सव्वीस बाय वीस, मग अठरा बाय वीस, शेवटी बारा बाय बारा. मध्ये उतरते तुकडे. आणि फाटा काटकोनात काढायचा नाही, तोंडाशी तिरका ठेवायचा, हवेला वळायला जागा मिळते.

नकाशा पुरा झाल्यावर मी तो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला, शाई वाळली का बघितल्यासारखा, आणि म्हणाले, "ठीक." चूक काढली नाही. मला चुकीची इतकी सवय आहे की "ठीक" म्हटल्यावर करमेना.

१८ मार्च

आज नाना म्हणाले, "उतरते तुकडे नकोत. डक्ट शेवटपर्यंत छत्तीस बाय वीसच ठेव. फाटेही सरळ, काटकोनात."

मी म्हटलं, "पण तुम्हीच सांगितलंत ना, दाब..."

"पुस्तकातलं वेगळं, हातातलं वेगळं. मोठा डक्ट कधी वाईट नसतो. एका मापाच्या पेट्या, खुमान आठ दिवसांत करून टाकेल. उतरता तुकडा म्हणजे पत्र्यावर आखणी. एक रेघ चुकली की पत्रा गेला."

त्यांच्याइतकी आखणी साऱ्या झाशीत कुणाला येत नाही. कारखान्यात लोक बघायला उभे राहायचे, आई सांगते. मग ते आखणीला का घाबरतात? की मिस्त्रींवर विश्वास नाही? की माझ्यावर?

नकाशा बदलला. शेवटी त्यांचा अनुभव पस्तीस वर्षांचा आणि माझा सोळा दिवसांचा.

२७ मार्च

काल पाडवा. आईनं खिडकीत गुढी उभारली, शेजारच्या तिवारीणबाई दरवर्षी विचारतात, यंदाही विचारलं, "जे लोटा उल्टो काए टाँगो?"

आज दिवसभर खुमान मिस्त्रींच्या दुकानात होते. बडा बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, ट्रंका आणि कूलर बनवतात. नव्या पत्र्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात. नाना दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला स्टुलावर बसून असतात आणि कानानं काम तपासतात. लाकडी हातोडा जोडाच्या घडीवर बसला की म्हणतात, "खुमान, ढीली है, एक और मारो." आणि खरोखर ढिली असते.

मिस्त्री मला म्हणाले, "बिटिया, तुम्हाओ पैलो नक्सा अच्छो हतो. ढलान वाओ." म्हणजे उतरत्या तुकड्यांचा.

"फिर आपने नाना से कहा क्यों नहीं?"

त्यांनी नानांकडे बघितलं, मग पत्र्याकडे. "उस्ताद हैं हमाए. कछू बातें कहबे की नईं होतीं." आणि कात्री चालवू लागले.

इथं सगळेच नानांना घाबरतात.

१० एप्रिल

डक्ट चढला. चार दिवस सगळ्यांचे हात सोलवटले. छताखाली तो लांब चकचकीत पाट बघून विमलाबाई म्हणाल्या, "रेल्वेचा डबाच आणून टांगलात की." मला मात्र फार सुंदर दिसला.

नाना आता सायकल चालवत नाहीत. चालणं तब्येतीला बरं म्हणतात. रस्त्यात त्यांचे जुने मित्र केशवराव समोरून आले, हात वर केला, आणि नाना तसेच पुढं गेले. मी म्हटलं, "नाना, केशवराव!" तेव्हा वळले आणि म्हणाले, "लक्ष नव्हतं." केशवराव जरा दुखावले. मला लाज वाटली.

१७ एप्रिल

पंखा सुरू केला. आधी पत्र्याची रुंद बाजू 'धडाम्' करून फुगली, तोफ उडावी तशी. पहिल्या खोलीतली आठही बाळं एकदम रडायला लागली. मिस्त्रींनी पळत जाऊन पट्टी ठोकली, आवाज थांबला.

मग हवा आली. मी शिडीवर चढून प्रत्येक तोंडाशी कागदाची पट्टी धरली. ऑफिसात पट्टी हातातून उडाली. भाऊसाहेबांच्या टेबलावरचे कागद खोलीभर झाले, आणि ते धोतर सावरत लहान मुलासारखे हसत म्हणाले, "वा जगन्नाथपंत! हे तर महाबळेश्वर केलंत!" वॉर्डाच्या दुसऱ्या तोंडाशी पट्टी आडवी, पहिल्याशी जरा कमी.

बाळंतिणींच्या खोलीत पट्टी नुसती हलली.

मला वाटलं मी चुकीच्या जागी धरली. पुन्हा धरली. खाली आठ बायका वर तोंड करून बघत होत्या. पंख्यापासून सगळ्यात जवळची खोली, आणि तिलाच हवा नाही.

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, परवा पूर्ततेच्या कागदावर सही करतो. नाना जिन्याकडे वळले.

१८ एप्रिल, रविवार

दुपारी एकटीच हॉस्पिटलात गेले. बाहेर त्रेचाळीस. खोलीत त्याहून जास्त वाटत होतं. खिडकीला ओली चादर बांधली होती, ती तासाभरात वाळत होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर शकुंतला म्हणून एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा लहान. साताऱ्याकडची, नवरा फौजेत, बबीनाला क्वार्टर मिळालं आणि तो महिन्यातच सरहद्दीकडं गेला. मुलगी झाली, सहा दिवसांची. माझा आवाज ऐकून म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी? देवच पावला. हितं सगळी 'काए-काए' करत्यात, मला निम्मं कळत न्हाई."

बाळाला ताप होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आजार नाही, गर्मीचा ताप आहे, अंगातलं पाणी कमी होतंय. शकुंतला पदर भिजवून बाळावर धरत होती. वर डक्टच्या तोंडावरच्या जाळीकडे बघून तिनं विचारलं, "ते काय बसवलंय वो?"

"हवा येण्यासाठी."

"मग कधी येणार?"

मी सांगितलं, लवकरच. मग गच्चीवर जाऊन पंख्यापाशी बसले.

संध्याकाळी सगळा हिशेब पुन्हा केला, आणि समजलं. पहिल्या फाट्यापाशी हवा सगळ्यात जोरात धावत असते. काटकोनातल्या तोंडात ती वळतच नाही, पुढं निघून जाते. पुढं हवा कमी कमी होत जाते पण डक्ट तेवढाच मोठा, म्हणून ती मंदावते, आणि मंदावली की तिचा वेग दाबात बदलतो. शेवटी दाब सगळ्यात जास्त. म्हणून ऑफिसात महाबळेश्वर.

हे सगळं माझ्या पहिल्या नकाशात बरोबर होतं. मी तो फाडलेला नाही.

२० एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी दोन्ही नकाशे घेऊन नानांपुढं बसले. म्हटलं, "चूक सरळ डक्टची आहे. तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच मला शिकवलंत. मग का बदलायला लावलंत?"

ते म्हणाले, "भाऊसाहेबांनी पसंत केलंय ना? वॉर्डाला हवा मिळतेय. चोवीस खाटा गार झाल्या. आता नको त्यात शिरूस."

"आणि आठ खाटा?"

"ऑफिसच्या तोंडावर फळी ठोक. थोडी हवा मागं फिरेल."

"काल ठोकून बघितली. वॉर्डाचं दुसरं तोंड शिट्टी मारायला लागलं, खोलीला जेमतेम फरक पडला. नाना, आठ दिवसांचं बाळ आहे तिथं."

ते कानाकडेच बघत होते. मग मी नको ते बोलले. म्हटलं, "तुम्हाला माझं तोंडही बघवत नाही. एवढा राग असेल तर हे काम मला दिलंत कशाला?"

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. आई दारात आली आणि नानांना म्हणाली, "आता तरी सांगा तिला. नाहीतर मी सांगते."

नाना म्हणाले, "बघवत नाही असं नाही. दिसत नाही."

मला कळलंच नाही. त्यांनी हात वर केला, माझ्या चेहऱ्यापुढं, बोटभर अंतरावर. "मधोमध पुसल्यासारखं होतं. सरळ बघितलं की तिथं काही नसतं. कानाकडे बघितलं की कडेनं थोडा चेहरा येतो. तुझी वेणी दिसते. कानातलं दिसतं."

डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं, चष्म्यानं नाही, ऑपरेशननंही नाही. दिवाळीआधी कारखान्यात आखणीची रेघ चुकली, तीन पत्रे गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला. म्हणजे आईनं लिहिला, त्यांनी सही केली.

"उतरत्या तुकड्याची आखणी मला आता होत नाही, कांता. पांढऱ्या पत्र्यावर रेघच दिसत नाही. दुकानात सगळ्यांसमोर ते..." आणि थांबले.

मी किती मूर्ख आहे. रोज आकडे वाचत होते, रोज.

२१ एप्रिल

लिहायला काही नाही. आईनं पुरणपोळी केली, कसलाही सण नसताना. तिघंही नीट जेवलो नाही.

२२ एप्रिल

सकाळी नाना स्वतःच म्हणाले, "चल, खुमानकडे."

वाटेत मी त्यांचा हात धरायला गेले तर झटकला. "चालताना दिसतं मला. जमीन दिसते. नाली दिसते. फक्त ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही."

दुकानात नानांनी मिस्त्रींना सांगायला सुरुवात केली, "खुमान, बात ये है कि मेरी आँखें..." मिस्त्रींनी मध्येच हातातली कात्री खाली ठेवली. "हमें तो दिवाली सें पतो है, उस्ताद. ऊ दिना तुम हमें पैचान नईं पाए हते जब लों हम बोले नईं."

"बोले क्यों नहीं फिर?"

"तुमईं नें कब कही?"

मिस्त्रींनी चहा मागवला.

आता अडचण भाऊसाहेबांची. पंखा बंद करून डक्ट उतरवायचा म्हटल्यावर ते चिडले. "एप्रिलच्या शेवटी? चालू हवा बंद करू? चोवीस बायकांना काय सांगू मी, आठांसाठी तुम्ही भाजा म्हणून? मी पसंत केलंय, जगन्नाथपंत. तुम्हाला वाईटपणा नको म्हणूनच केलंय, एवढं समजून घ्या."

त्यांचंही खोटं नव्हतं. विमलाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "किती दिवस बंद?"

मी म्हटलं, "सगळे तुकडे आधी दुकानात तयार करू. जोडून बघू. मग दोन दिवस."

"दोन दिवस मी सांभाळते. बर्फाच्या लाद्या आणवा, भाऊसाहेब. आणि ह्या दोन दिवसांत तुम्ही माझ्या पहिल्या खोलीत खुर्ची टाकून बसा."

भाऊसाहेब बसणार नाहीत हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्यांनी मान हलवली.

२६ एप्रिल

चार दिवस आखणी. नाना स्टुलावर, मी जमिनीवर पत्र्यापुढं गुडघे टेकून. डोळे मिटून सांगतात. म्हणतात मिटल्यावर जास्त स्पष्ट दिसतं. "वरची कड छत्तीस. खालची सव्वीस. फरक दहा, एकाच बाजूला घे, भिंतीची बाजू सरळ राहू दे. उताराची खरी लांबी नकाशावर नाही मिळायची, ती काढावी लागते. काटकोन कर. एक बाजू दहा, दुसरी चोवीस. आता तिरकी मोज."

"सव्वीस."

"बरोबर सव्वीस यायला हवी. घडीसाठी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच सोड. सोडलास?"

पहिला तुकडा मिस्त्रींनी वाकवला. कडा जुळल्या. नाना उठून आले आणि दोन्ही हातांनी तुकडा चाचपला, आतून, बाहेरून, कोपऱ्यात नख घालून. म्हणाले, "इथं केसभर उघडं आहे."

होतं. केसभर.

तिरका फाटा मात्र पहिल्यांदा चुकला. माझी रेघ उलट्या बाजूला गेली, पत्रा वाया. मी रडकुंडीला आले. नाना म्हणाले, "माझे तीन गेले होते. तुझा एक गेला." आणि हसले. असं हसणं मी दिवाळीनंतर ऐकलं नव्हतं.

मोठ्या डक्टचा पत्रा कापून लहान करता येतो, तेवढं बरं. उलटं असतं तर कठीण होतं. रुंद बाजूंवर मिस्त्रींनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी हलकी घडी पाडली. आता तोफ उडणार नाही.

३० एप्रिल

काल आणि परवा पंखा बंद होता. वॉर्डातल्या एका म्हातारीनं मला तोंडावर शिव्या दिल्या, बुंदेलीत, आणि मला सगळ्या कळल्या. मी मान खाली घालून पेच आवळत राहिले. त्या दोन दिवसांत कुणाला काही झालं असतं तर? विमलाबाई दर तासाला सगळ्यांना पाणी पाजत होत्या.

आज दुपारी सुरू केला. पॉलिटेक्निकच्या सरांकडून हवेचा वेग मोजायचं यंत्र मागून आणलं होतं, तळहाताएवढं, आत फिरणारी पाती. भाऊसाहेब, डॉक्टरीणबाई, मिस्त्री सगळे पहिल्या खोलीत उभे. भाऊसाहेबांनी यंत्र नानांच्या हातात दिलं. "घ्या, तुम्हीच मोजा, फोरमनसाहेब."

नानांनी ते हातात घेतलं, क्षणभर धरलं. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगतील; मीही एक तयार ठेवली होती. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मला काटा दिसत नाही. डोळे गेलेत माझे. मोजायचं काम कांताचं आहे."

भाऊसाहेब पुढं झाले आणि यंत्र माझ्या हातात दिलं. मी शिडी चढले. खात्रीसाठी तीनदा मोजलं. साडेअठराशे. वॉर्ड, चौदाशे ऐंशी आणि पंधराशे वीस. ऑफिस, साडेसहाशे.

शकुंतलाची खाट रिकामी होती. काल सकाळीच तिला सोडलं. बाळाचा ताप उतरला होता, ओल्या कापडांनी आणि चमच्या-चमच्यानं पाजलेल्या पाण्यानं. बबीनाच्या बसमध्ये बसली. तिला ह्या जाळीतून हवा आलेली कळणारच नाही. मी तिला "लवकरच" म्हटलं होतं.

४ मे

पूर्ततेच्या कागदावर सह्या झाल्या. भाऊसाहेबांनी फाईल उघडली आणि मी चकित झाले. फेब्रुवारीतलं ट्रस्टचं पहिलं पत्र, ज्यानं काम दिलं, ते नानांच्या नावाचं नाहीच. टाइप केलेलं आहे, 'कु. कांता जगन्नाथ, ड्राफ्ट्समन'. नानांचं नाव खाली, 'सल्लागार' म्हणून.

मी विचारलं, "हे असं कसं?"

भाऊसाहेब म्हणाले, "तुझ्या वडिलांची अट होती. मी म्हटलं होतं, मुलीच्या नावानं कसं द्यायचं? तेव्हा म्हणाले, मग मला नको."

म्हणजे फेब्रुवारीपासूनच स्वतःला सही करायची वेळ येऊ नये अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. मला जरा रागच आला. सरळ सांगितलं असतं तर मीच सही करून दिली असती. घरी येऊन तसं बोलले. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कांता, तू हिशेबातच हुशार आहेस गं." आणि कणीक मळायला लागली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

भाऊसाहेबांनी बबीनाच्या एका शाळेच्या हॉलचं काम सुचवलं आहे. नाना म्हणाले, "तू एकटी जाऊन बघून ये. मी कशाला?" मला एकटीनं जायची भीती वाटते, हे त्यांना कसं सांगू.

९ मे

विमलाबाईंचा निरोप आला, लगेच या. जाऊन बघते तर पहिल्या खोलीच्या जाळीत कुणीतरी गोधडी कोंबलेली.

मोंठ गावाहून एक सून बाळंत होऊन आली आहे, तिच्याबरोबर तिची सासू. सासू शिडीशेजारी कंबरेवर हात ठेवून उभी. "जच्चा खों हवा लगवा कें मारहौ का? चालीस दिना हवा नईं लगन देत हम." बाळंतिणीला चाळीस दिवस वारा लागू द्यायचा नाही, ह्यावर बाकीच्या म्हाताऱ्याही तिच्या बाजूच्या. विमलाबाई समजावून थकल्या होत्या.

एवढी दोन महिन्यांची खटपट, आणि एका गोधडीनं संपली. मला हसावं की रडावं कळेना. नाना माझ्याबरोबर होते. त्यांनी म्हातारीला विचारलं, "अम्मा, हवा कहाँ लगती है? दिखाओ."

म्हातारीनं त्यांचा हात धरून सुनेच्या उशीपाशी नेला. नानांनी हात तिथं ठेवला, मग गाल पुढं केला. "कांता, म्हातारीचं बरोबर आहे. झोत थेट डोक्यावर येतोय. आपण किती हवा द्यायची ते मोजलं, ती कुठं पडते ते नाही बघितलं."

मी वर चढले, गोधडी काढली आणि जाळीच्या पट्ट्या पक्कडीनं एकेक करून वर वळवल्या, छताकडे. गार हवा छताला लागून पसरेल आणि आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरेल. हे कुणी शिकवलं नव्हतं, पट्ट्या हातात असताना सुचलं. नाना खालून म्हणत होते, "अजून थोडं. अजून. बस."

म्हातारीनं उशीपाशी हात धरला. झोत नाही. पायापाशी धरला. नाही. संशयानं वर बघितलं, मग माझ्याकडे. "बंद कर दई?"

"नईं अम्मा, चल रई." माझ्या तोंडून बुंदेलीच आली.

ती पुटपुटत खाटेशेजारी फरशीवर बसली, गोधडी मांडीवर घेऊन, आम्ही गेलो की पुन्हा कोंबायच्या तयारीत. आम्हीही गेलो नाही. बाहेर चव्वेचाळीस होतं, लू चालू होती, खिडकीच्या काचा हात लावू देत नव्हत्या. विमलाबाईंनी नानांना खुर्ची दिली. मी शिडीच्या पायरीवर बसले. बाळं एकामागून एक झोपली. सून झोपली.

अर्धा तास गेला असेल. नानांनी मान तिरकी करून कान दिला आणि हळूच विचारलं, "कोण घोरतंय गं?"

मी खाली बघितलं. म्हातारी गोधडी उशाला घेऊन, तोंड उघडं टाकून, जाळीच्या बरोबर खाली झोपली होती.

सांगितलं. नाना खुर्चीतच जरा सैल होऊन बसले. मग म्हणाले, "बबीनाची बस उद्या सकाळी आठला आहे. फीत विसरू नकोस."

मी म्हटलं, नाही विसरणार.

सकाळी लवकर उठायचं आहे.